पाचशे रुपयांचा बोनस आणि न येणारी मावशी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. सात वर्षांपूर्वी घराच्या मागच्या पडवीत त्यांनी येसर, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करून विकायला सुरुवात केली. आज चौदा बाया कामाला येतात, रोज अडीचशे रुपये. दिवाळीनंतर ऑर्डरी वाढल्या आणि नेमके तेव्हाच बायांचे खाडे वाढले. मग ताईंनी तीन गोष्टी केल्या. महिन्यात एकही खाडा नसेल तर पाचशे रुपये बोनस, पॅकिंगला किलोमागे दोन रुपये जादा, आणि दारात ‘या महिन्याची लक्ष्मी’ असा फळा, त्यावर एका बाईचा फोटो. पहिला महिना झकास गेला. दुसऱ्यात पाकिटांची वजनं कमी-जास्त, सील उघडी, बायांमध्ये भांडणं. तिसऱ्यात खाडे आधीपेक्षाही जास्त. भाजणीला कोणीही बसावं म्हणून किती मिनिटं काय भाजायचं याचा तक्ताही भिंतीवर लावला. आणि सगळ्यात जुनी मावशी, जिच्या भाजणीवर हा धंदा उभा राहिला, ती यायचीच थांबली. निरोप धाडला तर म्हणाली, “आता मला कामून बोलावता? तक्ता हाय की.” ताईंचा मुलगा पुण्यात एमबीए करतो. त्यानं मॅस्लोचा पिरॅमिड काढून दाखवला: या बाया सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत, त्यांना पैसाच कळणार, बोनस हजार कर. यजमान म्हणतात, लाड केले की डोक्यावर बसतात, खाड्याला दंड लाव. ताई विचारतात, माणूस नेमका कशासाठी काम करतो? आणि या बायांना पुन्हा पहिल्यासारखं मन लावून काम करायला कसं लावू?

ताई,

तुमच्या पत्रातला ‘पहिल्यासारखं’ हा एक शब्द मी दोनदा वाचला. म्हणजे पहिली सहा-सात वर्षं बोनस नव्हता, फळा नव्हता, तरी बाया येत होत्या आणि मन लावून करत होत्या. मग त्यांच्यात प्रेरणा कशी घालायची हा प्रश्न बाजूला ठेवू. ती होती. मध्ये काय आडवं आलं, तेवढं शोधू.

आधी चिरंजीवांचा पिरॅमिड. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४३ साली एक लेख लिहिला आणि त्यात माणसाच्या गरजा पाच गटांत मांडल्या: शरीराच्या, सुरक्षिततेच्या, जिव्हाळ्याच्या, मानाच्या, आणि आपल्यात जे आहे ते पुरतं फुलावं या ओढीच्या. मुलाला जरूर सांगा, त्या लेखात पिरॅमिड कुठेच नाही. तो नंतर मॅनेजमेंट शिकवणाऱ्यांनी काढला, आणि चित्र सोपं असल्यामुळे लेख मागं पडून चित्रच राहिलं. मॅस्लोनं स्वतः लिहिलंय की हा क्रम काही दगडावरची रेघ नाही, त्याला अपवाद आहेत. समजावण्यापुरते त्यानं मनानेच काही आकडेही घेतले होते. साधारण माणसाची शरीराची गरज समजा ८५ टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची ७०, जिव्हाळ्याची ५०, मानाची ४० आणि शेवटची १०. याचा अर्थ पाचही गरजा एकाच वेळी जाग्या असतात, कमी-जास्त इतकंच. पोट पूर्ण भरेपर्यंत मान ताटकळत उभा राहतो, असं त्यानं म्हटलेलं नाही.

आणि हे कळायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी तिकडच्या एका खेड्यात लग्नाला गेले होते. प्यायला पाणी टँकरचं, तेही मोजून. अशात नवरदेवाच्या चुलत्याला टॉवेल-टोपी द्यायची राहिली. गडी भरल्या ताटावरून उठला. पिरॅमिडच्या हिशोबानं त्यानं आधी पाण्याची काळजी करायला हवी होती, नाही का? लेकीच्या लग्नासाठी एकर विकणारा बाप आपल्याकडे गावोगाव आहे. तो चौथ्या पायरीसाठी पहिली पायरी गहाण टाकतो. त्याला शहाणा म्हणा, वेडा म्हणा, पण त्याला फक्त पैसा कळतो असं म्हणता येणार नाही.

म्हणून आता एक अवघड प्रश्न विचारते. कामाच्या जागी चहा होतो तेव्हा बायांना तो घरच्या कपात मिळतो, की त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यांत? उत्तर मला कळवू नका. तुमच्यापाशी राहू द्या. पण चौदा जणींना ते रोज दोनदा दिसतं, आणि फळ्यावरचा फोटो त्यापुढे फार लहान ठरतो.

यजमानांचं म्हणणं थोडक्यात निपटते. माणूस मुळातच कामचुकार, धाक असल्याशिवाय हलणार नाही, या समजुतीला डग्लस मॅकग्रेगर या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांनी १९६० साली ‘थिअरी एक्स’ असं नाव दिलं. त्यांचा मुद्दा असा की ही समजूत स्वतःला खरं करून दाखवते. धाकात ठेवलेला माणूस धाक असेल तेवढंच करतो, आणि मालक म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो? दंड लावलात तर बाई दंडापुरती येईल. मन घरीच ठेवून येईल.

आता त्या पाचशे रुपयांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

महिन्याच्या चार तारखेला एखादीच्या लेकराला ताप आला. ती घरी राहिली. एक खाडा पडला, पाचशे गेले. आता उरलेल्या दिवसांत ती रोज आली काय आणि निम्मे दिवस आली काय, बोनसच्या बाबतीत सारखंच. त्यात कापसाची वेचणी जोरात असली आणि किलोचा भाव चढला असला, तर तिनं तुमच्याकडे का यावं? व्हिक्टर व्रूम या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली प्रेरणेचा हिशोब गुणाकारात मांडला होता. मी झटले तर जमेल का? जमलं तर ठरलेलं मिळेल का? आणि जे मिळेल त्याची मला किंमत किती? तिन्ही उत्तरांचा गुणाकार करायचा. एक जरी शून्य असलं तरी सगळं शून्य. तुमच्या बोनसमध्ये पहिलंच उत्तर चार तारखेला शून्य झालं. ज्या बायांच्या घरी लहान लेकरं आहेत, म्हातारं माणूस आहे, त्यांच्यासाठी ते महिना सुरू व्हायच्या आधीच शून्य होतं. खाडे वाढले यात त्यांनी बेइमानी केलेली नाही, हिशोब केलाय.

आणि मुळात दिवाळीनंतर खाडे का वाढले? माझा अंदाज सांगते, चूक असेल तर सोडून द्या. ते आधीच्या वर्षीही वाढत असणार. तेव्हा कापूस घरात यायचा असतो, स्वतःचं दोन एकर असेल तर तिथली कामं असतात. पूर्वी ऑर्डरी कमी होत्या, म्हणून दोघी-तिघी नसल्या तरी भागायचं. यंदा ऑर्डरी आणि वेचणी एकमेकींवर आदळल्या. तुम्ही बायांच्या मनात खोट शोधत बसलात, आणि ती होती कॅलेंडरात.

याच संदर्भात एक अभ्यास सांगते, कारण तो आपल्याला फार जवळचा आहे. तामिळनाडूतल्या ४६४ ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या दोनदा घेतल्या: एकदा तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा तोडणीनंतर बिल आल्यावर. माणसं तीच, पण तंगीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी आले. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हे छापलं. किराणा, फी, हातउसने घेतलेले पैसे यांनी डोक्यातली जागा आधीच अडवलेली असते. वजनात दहा ग्रॅमची चूक करणारी बाई त्या दिवशी आळशी असेलच असं नाही, ती मनातल्या मनात दुसराच काटा बघत असेल. तुम्ही पगार महिन्याला देता की आठवड्याला, हे पत्रात लिहिलेलं नाही. महिन्याला देत असाल तर बाजाराच्या आदल्या दिवशी, दर आठवड्याला द्यायला लागा. एक रुपयाही जादा न घालता पडणारा हा फरक करून बघा.

तो पाचशेचा बोनस मोडा आणि रोजात मिसळा. सव्वीस दिवसांवर वाटला तर दिवसाला एकोणीस-वीस रुपये होतात. रोज दोनशे सत्तर करा. सगळ्याच जणी बोनसला पात्र ठरल्या असत्या तर चौदा जणींचे सात हजार गेलेच असते, यात सात हजार दोनशे ऐंशी जातील. बाईला मात्र कळतं की आजचे दोनशे सत्तर आजचेच, उद्याच्या तापावर अवलंबून नाहीत. आणि हो, मुळात अडीचशे काय किंवा दोनशे सत्तर काय, किमान वेतनात बसतात का, ते जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून या. बसत नसतील तर पुढचं मानसशास्त्र नंतर वाचा, आधी तेवढं करा.

किलोमागच्या दोन रुपयांबद्दल मी तुम्हाला शिकवावं असं काही नाही. रोजानं आणि गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, यातला फरक शेतातल्या बाईला कुठल्याही प्रोफेसरापेक्षा चांगला कळतो. गुत्त्यानं सोयाबीन काढलं की रान लवकर मोकळं होतं, आणि मागं शेंगाही पडतात. कापूस किलोवर वेचला की ओझं भरतं, त्यात थोडा पालाही भरतो. तुम्ही किलोचे पैसे लावले, तुम्हाला किलो मिळाले. सीलचे पैसे कोणी लावले होते?

फळ्याचं दुखणं जरा वेगळं आहे. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र देऊ. काहींना काही न सांगता, काढून झाल्यावर अवचित दिलं. काहींना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात ठेवले आणि कोण आपणहून घेतं ते बघितलं. आधी कबूल केलेल्या बक्षिसाची मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अवचित मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. त्याआधी १९७१ साली एडवर्ड डेसी यांना कॉलेजच्या मुलांमध्येही असंच दिसलं होतं. कोडी सोडवायला पैसे दिले, मग पैसे बंद केले, की मोकळ्या वेळात कोड्याला हात लावणं कमी होतं. तोंडी कौतुकानं मात्र गोडी टिकत होती, वाढतही होती.

जिल्हा परिषदेच्या शाळेतले जे गुरुजी-बाई वाचनाला स्टार आणि चॉकलेट देतात, आणि लातूरच्या क्लासला मुलगा ठेवून ‘नीटमध्ये इतके मार्क पडले तर बुलेट’ असं कबूल करणारे जे बाप मला पत्रं लिहितात, त्यांनीही हे वाचून ठेवावं. बक्षीस कबूल झालं की काम हे बक्षिसाकडे जायची वाट होऊन बसतं. बुलेट मिळाली की वाट संपली. नाहीच मिळणार असं दिसलं तर आणखी लवकर संपली. मुलाशी बोलायचंच असेल तर काल कुठलं गणित अडलं होतं ते विचारा.

तुमच्या फळ्याचं मात्र बक्षिसाखेरीज आणखी एक झालं. दरमहा एक लक्ष्मी ठरली, की तेरा जणी लक्ष्मी नाहीत हेही दारावर लागलं. तो फळा उतरवा. एखादीनं काही छान केलं तर त्याच दिवशी, तिचं नाव घेऊन, नेमकं काय छान केलं ते सगळ्यांसमोर बोला. इतकंच.

आता मावशी.

पत्रात तुम्ही भाजणीच्या तक्त्याबद्दल अर्धी ओळ लिहिलीय, जाता जाता. माझ्या मते सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची आहे. डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे अनेक वर्षं काम करून असं मांडलं की माणसाला पोटापलीकडे तीन गोष्टी लागतात. थोडं आपल्या मर्जीनं करता यावं. आपल्याला हे जमतं, याची जाणीव असावी. आणि आजूबाजूला आपली म्हणावी अशी माणसं असावीत. मावशी डाळ भाजताना घड्याळ बघत नव्हती. धणे कधी उतरवायचे, खोबरं कुठल्या रंगावर थांबवायचं, हे तिच्या नाकात होतं. तुम्ही ते मिनिटांत लिहून भिंतीवर चिकटवलंत. धंदा वाढवायचा तर ते लिहून ठेवणं भागच आहे, मला मान्य आहे. पण लिहिताना तिला विचारलंत का? आणि दुसरं, मावशी पॅकिंगला बसत नाही. म्हणजे किलोमागचे दोन रुपये तिला नाहीत. काल आलेली पोरगी महिनाअखेर तिच्यापेक्षा जास्त पैसे नेते. मर्जी गेली, जमण्याची किंमत गेली, आणि फळ्यावरून भांडणं सुरू झाल्यावर आपली माणसंही गेली. ती तिन्हींतून उठली, आणि तुम्हाला सांगून उठली: तक्ता हाय की.

इथे एक धोका आहे, तो सांगते. असलं वाचून काही मालक म्हणायला लागतात, माणसाला पैशापेक्षा मान हवा असतो, चला, मान देऊ आणि पैसे वाचवू. ही लबाडी आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली छापलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामावर तुम्ही फार खूश कधी होता आणि फार वैतागलेले कधी. वैतागाच्या गोष्टींत वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम, पगार असलं येई. खुशीच्या गोष्टींत काम फत्ते झालं, कोणी दखल घेतली, कामच मजेचं होतं, असं. चांगलं झालं की माणूस स्वतःला श्रेय देतो आणि वाईट झालं की साहेबाला बोल लावतो, तेव्हा हे निष्कर्ष थोडे सांभाळूनच घ्यावेत, शिवाय ती खुर्चीवरची माणसं होती. पण एक गोष्ट त्यातून घ्यायला हरकत नाही. वाजवी पगार हा जमिनीसारखा असतो. तो दिला म्हणून कोणी नाचत नाही, आणि नसला तर उभंच राहता येत नाही.

माझ्या लहानपणी चैत्रात कुरडया व्हायच्या. पहाटे चारला चुलीवर चीक शिजायचा, गल्लीतल्या सात-आठ जणी सोऱ्या घेऊन हजर. पैसे कोणी घेत नसे. कामाची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, वर तेल नाहीतर साखर, आणि पोटभर गप्पा. आज आमच्या वयाच्या बायका हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात आणि म्हणतात, तेव्हा माणसं निःस्वार्थी होती. तसं काही नव्हतं. परवा त्यांच्यातल्या एकीकडे आमची आई जाणार होती. ती परतफेड होती, आणि तिची चोख नोंद प्रत्येकीच्या डोक्यात असे. तुमच्या पडवीत सुरुवातीला बहुतेक असंच काहीसं होतं. आता नफा एका घरात जातो आणि घाम चौदा घरांचा. बायांना ते दिसतं. ‘पहिल्यासारखं’ म्हणताना तुम्हाला मन पहिल्यासारखं हवंय, पण नातं पहिलं राहिलेलं नाही. ते परत आणायचं तर नवीन तऱ्हेनं आणावं लागेल.

हर्झबर्गचं काम ज्या वर्षी छापलं, त्याच १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत. तिथे लाटणाऱ्या बायांना कामगार म्हणत नाहीत, भगिनी म्हणतात, आणि त्या मालकीत वाटेकरी असतात. तुम्ही उद्याच सगळं चौदा जणींच्या नावे करा असं मी म्हणत नाही. पण दिवाळीला साडी देता त्याऐवजी, किंवा साडीसोबत, वर्षाचा हिशोब मांडून त्यातला ठरलेला हिस्सा सगळ्यांना वाटता येईल. तो एकीला लक्ष्मी करून नव्हे, आलेल्या दिवसांच्या प्रमाणात. हिशोब वाचून दाखवा. खर्चही सांगा, पॅकिंगचं मशीन किती हप्त्याचं आहे तेही. दहावी झालेली एखादी सून त्यात असेल, तिलाच वाचायला लावा.

खाड्यांचं काय, ते बायांवर सोपवून बघा. एके दुपारी मशीन बंद करून सगळ्यांना बसवा आणि सरळ विचारा: वेचणीच्या दोन महिन्यांत काम कसं ओढायचं? मला वाटतं त्या अर्धा दिवस मागतील, किंवा दोघी मिळून एक जागा सांभाळतो म्हणतील. जावा-जावा, शेजारणी-शेजारणी अशा जोड्या त्यांच्या त्यांनी लावल्या तर एकीच्या खाड्याला दुसरी उभी राहील. तुम्हाला सुचलेलं आधी बोलू नका. पहिली पाच मिनिटं कोणी बोलणार नाही, तरी थांबा. मुलाला सुट्टीत बोलावून त्या बैठकीला बसवा, मागे, न बोलता.

पण या सगळ्याआधी मावशीकडे जाऊन या. निरोप धाडू नका, स्वतः जा, आणि ‘कामाला या’ म्हणू नका. तिच्या नसण्यात भाजलेल्या येसरची एक पुडी बरोबर न्या. तिच्यासमोर उघडा आणि वास घ्यायला द्या. ती बोटावर घेईल, जिभेला लावेल, आणि बहुतेक म्हणेल, “डाळ कच्ची राहिलीय.”

कशी भाजायची, ते विचारा. आणि ती सांगेल तेव्हा मोबाइल काढून लिहून घेऊ नका.